तेपू सेलुतान यांच्या गाडीची उजवी बाजू

नाव रिबू पारान. वय चौपन्न. धंदा गाड्या दुरुस्तीचा. गॅरेज लावास बाजाराच्या मागे, नदीकडच्या रस्त्याला. राहणार गॅरेजच्याच माडीवर. ठाण्यात मी आपण होऊन आले आहे, मला कोणी धरून आणलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते ते असे:

एलियास सेलुतान यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या ताब्यात नादुरुस्त गाडी दिली, आणि पुढे ती गाडी व वडील दोन्ही परस्पर डोंगरावर बाकेलालानला पोहोचवले. यातले पहिले खोटे आहे. दुसरे खरे आहे.

एलियासचे वडील सेलुतान मुरांग, वय शहात्तर, यांना सारा बाजार तेपू, म्हणजे आजोबा, म्हणतो. लावास ते बाकेलालान या डोंगरी रस्त्यावर त्यांनी तीस वर्षे माणसे आणि भाताची पोती वाहिली. चार महिन्यांपूर्वी मोतीबिंदू काढायला एलियासने त्यांना खाली लावासला आणले. डोळे चांगले झाले. तरी ते मुलाकडेच राहिले, कारण 'पुढच्या आठवड्यात सोडतो' असे एलियास दर आठवड्याला म्हणत होता. सांग नावाची त्यांची बायको वरच आहे. ती भाताची शेती सोडून खाली येत नाही. एलियास वाईट मुलगा नाही. आईवडील डोळ्यांसमोर असावेत एवढेच त्याला वाटते.

सोमवारी सकाळी एलियास तेपूंचा चारही चाकांना जोर असलेला जुना पिकअप माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "रिबूताई, हिला फक्त सरळ उभी कर. शनिवारी घेणारा बघायला येतोय."

मी विचारले, "तेपूंना सांगितलंस?"

"त्यांना आता गाडी कशाला लागतेय?"

मी गाडी आत घेतली.

काम काय होते ते विचारल्यावरून सांगते. या गाडीच्या पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग नसते. दोन्ही बाजूंना चेसीखालून एकेक लांब पोलादी दांडा जातो. त्याला टॉर्शन बार म्हणतात. तो पिळला जातो आणि त्या पिळाच्या जोरावर पुढचे वजन तोलतो. दांड्याच्या मागच्या टोकावर दात्यांमध्ये बसणारा एक हात असतो आणि त्या हाताला पेलणारा एक बोल्ट. बोल्ट आवळला की ती बाजू उचलते, ढिला केला की बसते. तेपूंची गाडी वर्षानुवर्षे उजव्या अंगाला, ड्रायव्हरच्या बाजूला, झुकलेली होती. उजवा बोल्ट गंजून जाम झाला होता. मी दांड्यावर आणि हातावर पांढऱ्या रंगाची खूण केली, चाक लोंबते ठेवून जमेल तेवढा पीळ उतरवला आणि मग बोल्ट कापून तो हात सुटा केला. दांडा तपासला. त्यावर चीर नव्हती.

मंगळवारी मला ती जागा दुसऱ्या गाडीसाठी हवी होती. म्हणून पिकअप खाली उतरवून, ढकलून अंगणात लावला. त्या वेळी उजवी बाजू नुसत्या रबरी ठोकळ्यावर, म्हणजे धक्का अडवणाऱ्या रबरावर, टेकलेली होती. स्टिअरिंगला 'हात लावू नये' अशी पाटी बांधली आणि मी नवा बोल्ट आणायला दुकानात गेले. परत आले तर गाडी नव्हती. पाटी माझ्या स्टुलावर नीट ठेवलेली होती.

समोरचा शेवयावाला म्हणाला, "तेपू घेऊन गेले. मला हातसुद्धा केला." दुसरी किल्ली त्यांच्याकडे असणार हे माझ्या ध्यानात यायला हवे होते.

मी एलियासला फोन केला. त्याने उचलला नाही. तेव्हाच ठाण्यात यायला हवे होते, असे आपले म्हणणे आहे. मला ठाणे सुचले नाही, चाक सुचले. ठोकळ्यावर चालणारी गाडी सडकेवर कशीबशी जाते. डोंगरात प्रत्येक खड्डा सरळ लोखंडाला लागतो, सांधा निखळतो आणि वळणावर चाक आडवे पडते. मी बोल्ट, सुटा केलेला तो हात, ग्रीस, पाने, जॅक आणि गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या माझ्या जीपमध्ये टाकून निघाले.

तो रस्ता मला माहीत आहे. माझा नवरा इथल्या इस्पितळात वारला, तेव्हा त्याला वर गावी न्यायला तेपूंची हीच गाडी होती. मी मागे शवपेटीजवळ बसले होते. त्या दिवशी तेपूंनी गाडी एकदाही आपटू दिली नाही.

डांबर संपते तिथून थोडे पुढे, चढाच्या पायथ्याशी, एक खाणावळ आहे. पिकअप तिच्यासमोर उजव्या गुडघ्यावर बसल्यासारखा उभा होता. तेपू बाकावर पानात बांधलेला मऊ भात खात होते.

मला बघून म्हणाले, "काय गं, काय करून ठेवलंस हिचं? ठाण ठाण वाजतेय."

मी म्हटले, "अर्धी उघडी गाडी पळवलीत आणि वर मलाच विचारता?"

"पळवतात दुसऱ्याची. आपली असली की नेतात."

"मग पुढे का नाही नेलीत?"

"मी म्हातारा आहे, खुळा नाही. ही आता चढणार नाही, कळतं मला. तू येशील म्हणून बसलोय. भात खा."

तिथे फोन लागत होता. मी पुन्हा एलियासला फोन केला, या वेळी त्याने उचलला. सगळे ऐकून तो म्हणाला, "त्यांना तिथंच थांबव. मी येतो न्यायला."

तेपूंना ते ऐकू गेले. म्हणाले, "त्याला सांग, बाप जेवायला घरी चाललाय."

मी तसेच सांगितले. पलीकडून फोन बंद झाला.

मी चाकांना दगड लावले, चेसीखाली जॅक देऊन गाडी उचलली आणि घोडीवर ठेवली. चाक लोंबते असताना खुणेला खूण जुळवून हात दात्यांवर बसवला, ग्रीस भरले, नवा बोल्ट आवळला. गाडी उतरवून चार हात मागेपुढे केली, म्हणजे ती आपल्या जागी बसते, आणि जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेपने मोजले. टेपचे खालचे टोक तेपूंनी धरले. उजवी बाजू अजून कमी होती. पुन्हा उचलून आवळली.

तेपू म्हणाले, "आता उजवी जास्त झाली."

"मुद्दाम केलीय. तुम्ही बसलात की ती बाजू दबते."

ते म्हणाले, "पूर्वीएवढी नाही दबणार, रिबू. अर्धा फेरा कमी कर."

मी त्यांच्याकडे नीट पाहिले. शर्ट खांद्यावरून उतरत होता. मी गाडी पुन्हा उचलून अर्धा फेरा कमी केला.

माझी जीप खाणावळीपाशी ठेवली. परत फिरले नाही, याचे कारण विचारले जात आहे. गाडी दुरुस्त होती, मालक बरोबर होता आणि मालकाला घरी जायचे होते. मला दुसरे कारण लागले नाही. चढावर गाडी मी चालवली. तेपू शेजारी बसून प्रत्येक वळणाला "दुसरा गिअर टाक, दुसरा टाक" म्हणत होते. शेतांजवळच्या सपाट रस्त्यावर गाडी त्यांनी चालवली. हे मी लपवत नाही.

इंजिनचा आवाज ऐकून तेपूंची बायको सांग बाहेर आली. तिने आधी गाडीकडे पाहिले. म्हणाली, "ही सरळ कशी झाली? वाकडी असायची तर लांबून ओळखू यायची."

तेपू म्हणाले, "परत वाकडी करायला सांगू का हिला?"

तिने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघे आत गेले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. मी बोल्ट तपासायला गाडीखाली शिरले होते. बोल्ट जागच्या जागी होता. मी गरजेपेक्षा जास्त वेळ खाली राहिले.

रात्री त्यांच्याकडे जेवले, झोपले. सकाळी भाताची पोती नेणाऱ्या गाडीतून खाणावळीपर्यंत आले आणि तिथून माझी जीप घेतली. लावासला पोहोचल्यावर तक्रारीचे कळले, तशी इथे आले.

गाडी परत आणून देशील का, असे मला विचारले. देणार नाही. गाडी सेलुतान मुरांग यांच्या नावावर आहे आणि त्यांच्या दारात उभी आहे. माझ्या कामात खोट असेल तर कोणीही जाऊन मोजावे. मात्र नव्याने आवळलेला दांडा काही दिवस चालल्यावर थोडा बसतो, तेव्हा उंची पुन्हा बघावी लागते. त्यासाठी मी शुक्रवारी वर जाणार आहे. जीपमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. हे मी ठाण्याच्या दारात एलियासलाही सांगितले.

तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याने आईला मिठातले मासे अजून आवडतात का, एवढेच विचारले. मी म्हटले, घेऊन चल, तिलाच विचार.

इथवरचा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी तेपूंनी गाडी 'चोरली' असे लिहिले गेले होते, ते मी 'नेली' असे करून घेतले. बाकी सारे माझ्याच तोंडचे आहे, त्यात कमीजास्त काही नाही. सही करते.

रिबू पारान