बंदच्या दिवशीचं गाणं

माझ्या गाण्याला हसता न्हवं, मग ह्ये ऐका. माझी नात शकू सात वर्षांची. बोलायची न्हाय, कुणाला अंगाला हात लावू द्यायची न्हाय. मला रेडिओचं लई याड, अन् तिला रेडिओवर गाणं लागल्याबिगर घास जायचा न्हाय.

एकदा निपाणी बंद होती, दुकानं सगळी मिटलेली, नेमके रेडिओचे सेल संपले. उन्हात तापवून बघितले, तरी आवाज न्हाय. शकू ताटापुढं रडाय लागली.

सून म्हणाली, "आप्पा, तुम्हीच म्हणा की काय तरी."

मी भजन धरलं. दुसऱ्याच ओळीला शकूनं उठून दोन्ही हातांनी माझं तोंड गच्च दाबलं.

"अगं, सोड आप्पांना!" म्हणत सून धावली.

मी हातानंच तिला थांबवलं. सात वर्षांत पोरीनं पहिल्यांदाच आपणहून मला हात लावला होता. तवापासनं रोज जेवणाआधी मी एक ओळ म्हणतो, अन् देवाचे उपकार मानत तोंड पुढं करतो.