झाकण लावून सात मिनिटं

(आईचं स्वयंपाकघर. ओट्यावर भरलेल्या सहा काचेच्या बरण्या आणि एक नवी कोरी विजेची किटली.)

थोरला: बरणीत नुसतं गवत भरून ठेवलंयस. हे खाऊन माणूस जगतं का?

धाकटी: गवत नाही, गाजर आणि पातीचा कांदा आहे. तळाला आलं-लसणाची पेस्ट, त्यावर मटार, वर बारीक नूडल्स. उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावायचं, सात मिनिटं थांबायचं. दुकानातल्या पाकिटापेक्षा शंभर पटींनी बरं. आणि तू गॅस काढून नेलास म्हणून ही वेळ आली!

थोरला: नेला, कारण दोनदा पातेलं जळून कोळसा झालं. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांनी दार फोडलं. तेव्हा तू कुठे होतीस? फोनवर रडत होतीस नुसती.

आई: मी इथंच बसलेय म्हटलं. मेले नाही अजून.

थोरला: आई, तुझ्या भल्यासाठीच मी...

आई: माझ्या भल्यासाठी चोरासारखा सिलिंडर उचलून नेलास, मी आंघोळीला गेले होते तेव्हा! कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं तीनशे माणसांना जेवू घातलं मी, आणि आता माझ्याच ओट्यावर मला चहा करायची चोरी.

धाकटी: आता करता येईल ना. पाणी उकळलं की किटली आपोआप बंद होते.

आई: तू तर फारच शहाणी. आईला बाटलीतलं पाजतेस. तान्हं बाळ आहे का मी?

धाकटी: मग जा दादाकडे. वहिनी आयतं ताट वाढेल. जायचंय?

आई: तिथं पाणी प्यायचं तरी विचारून प्यावं लागतं. मी या घरातून हलणार नाही. सांगून ठेवते.

थोरला: झालं, आली माझी बायको मध्ये! बरं, ऐका दोघी. आज आईनं हे एकटीनं करून दाखवायचं. तू हात लावायचा नाहीस, तोंड उघडायचं नाहीस. जमलं तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही जमलं, तर रविवारी टेम्पो आणतो आणि तिला माझ्या घरी नेतो.

धाकटी: लाज नाही वाटत? आईची परीक्षा घेतोस?

थोरला: घाबरलीस?

आई: सरका बाजूला दोघं. पाणी ओतायला काय अक्कल लागते?

धाकटी: आई, आधी किटलीत...

थोरला: बोलायचं नाही ठरलंय.

आई: भरलं पाणी. ठेवली किटली जागेवर. डोळे फुटले का तुमचे?

थोरला: तुझं बरं आहे. महिन्यातून एकदा यायचं, बरण्या मांडायच्या, फोटो काढायचे. धावपळ करायला मी आहेच.

धाकटी: मोठा आलाय धावणारा! परवा बाहेरून कुलूप घालून गेलास. शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. आई आहे ती, गुरं नाही!

थोरला: रस्त्यात उभी होती ती! येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, माझं घर कुठलं म्हणून.

आई: कोण, मी? खोटारडा मेला. हवा खायला गेले होते.

थोरला: अनवाणी?

धाकटी: बास कर, दादा. तिच्यासमोर नको.

आई: हे बघा, ओतलं पाणी. झाकण लावलं. आता घड्याळ बघा आणि तोंडं मिटा.

धाकटी: बघितलंस? काही विसरली नाही. आता माफी माग तिची.

थोरला: सात मिनिटं होऊ देत आधी.

आई: झाली सात मिनिटं. वाट्या पुढे करा. आधी परीक्षकसाहेबांना.

थोरला: आई, अगं हे... कडकड वाजतंय दाताखाली.

धाकटी: तुला खोटच काढायचीय. आण इकडे.

थोरला: आधी बरणीला हात लाव.

धाकटी: गार आहे.

थोरला: किटलीपण गारच असणार. बटण दाबलंच नाही तिनं. आपण भांडत बसलो.

धाकटी: पहिलाच दिवस आहे रे. सवय नाही बटणाची. मी चिठ्ठी लावते किटलीवर, मोठ्या अक्षरात.

थोरला: गॅसवरही लावली होतीस.

आई: काय कुजबुजताय? फुंकून खा, तोंड पोळेल. मस्त मऊ झाल्यात.

धाकटी: आई, राहू दे. दात दुखतील तुझे.

आई: का राहू दे? मला आवडलंय. रोज हेच खाईन मी. सकाळी हेच, संध्याकाळी हेच. कुरकुर करणार नाही. पण इथं बसून खाईन. जमलं ना रे मला? तू सांग. जमलं ना?

थोरला: जमलं, आई.

आई: मग झालं तर. आणि तू गं? खात का नाहीस?

धाकटी: खाते. जरा निवू दे.

आई: हं. सावकाश खा.

धाकटी: दादा...

थोरला: काय?

धाकटी: तुझ्याकडे आईला जी खोली देशील, तिला खिडकी आहे का रे?