जमादारांचा ठसका

आमच्या शेजारी भाड्यानं राहणारे पोलिसातले जमादार लई नाजूक, बरं का. माझ्या सासूला दमा, म्हणून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजायच्या दिवशी मी तिला नणंदेकडं पुसेगावला धाडते. तरी जमादार खिडकीतून ओरडणारच, "बाई, ठसका लागतो! लोकवस्तीत असा धूर करणं गुन्हा हाय!"

यंदा नळाला पाणी न्हाई म्हणून आमी बायकांनी घरासमोरच्या चौकात घागरी मांडून रस्ता अडवला. तवा याच नाजूक माणसानं अश्रुधुराची नळकांडी सोडली. दोन थेट माझ्या अंगणात. मी ओरडले, "जमादार, थांबा! आत म्हातारी हाय, दम्याची!"

"काही होत न्हाई बाई, नुसतं डोळ्यातून पाणी येतं," म्हणाले अन् तिसरं सोडलं.

चला, पाणी मागितलं होतं, कुठून का होईना मिळालं.

गल्लीतल्या रफिकभाईंच्या टेम्पोत घालून सासूला हिंगोलीला नेलं. चार दिवस नाकाला ऑक्सिजनची नळी. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचली. मग मी एकटीच घरी आले, जमादारांच्या खिडकीखाली चूल पेटवली अन् कढईभर मिरच्या टाकल्या.

जमादार नाक दाबत बाहेर पळाले. "बाई, बंद करा! आत लेकरू हाय माझं!"

मी तिथल्या तिथं चुलीवर पाणी ओतलं. नाकावरचा हात काढून ते म्हणाले, "एका हाकेत ऐकलं?"

मी म्हणलं, "आत लेकरू हाय म्हणल्यावर बी चालू ठेवायला माझ्या अंगावर वर्दी हाय का?"