घामाची गॅरंटी

जॅकेटमधलं आपल्याला कळतं, असं आमचे भावोजी हल्ली म्हणत नाहीत. अंबरनाथच्या कंपनीत मोठे ऑफिसर होते, त्यामुळे एरवी त्यांना सगळ्यातलंच कळतं.

मे महिन्यात ते लेकीकडे स्पेनला निघाले. ती फोनवर म्हणाली, "बाबा, खाली शहरात उकडतंय, पण वर सिएरा नेवाडाच्या डोंगरावर अजून बर्फ आहे. चांगलं जॅकेट आणा."

"तिथून आफ्रिका दिसते म्हणे, कसली आलीय थंडी!" असं म्हणत भावोजी मला घेऊन उल्हासनगरच्या बाजारात. दुकानदार म्हणाला, "साहेब, पहनके देखो. दोन मिनिटांत घाम आला नाही, तर माल वापस."

अर्ध्या मिनिटात भावोजी चिंब. मी म्हटलं, "भावोजी, मी जॅकेट न घालताच भिजलोय." तोवर त्यांनी पैसेही मोजले होते.

आठवड्याने डोंगरावरून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पांढराशुभ्र बर्फ, पुढे निळे ओठ. "आत्ताच्या आत्ता त्या दुकानात जा!" गेलो, फोन दुकानदारासमोर धरला. भावोजी कुडकुडत ओरडले, "अरे, हे जॅकेट गरम नाहीये!"

दुकानदाराने कपाळ पुसलं आणि तो गोड हसून म्हणाला, "टेन्शन नको, साहेब. इकडे परत या, अजूनही घाम येईल. गॅरंटी आहे."