श्रावणीकडे जाणारं पाणी

आमच्या गल्लीत माझं नाव कचराबाई का पडलंय, माहितीये? मला कुणी मोरीत काही ओतलेलं बघवत नाही.

परवा शेजारच्या नरसम्माक्का रंगाचा डबा घेऊन मोरीवर बसल्या होत्या. लेक श्रावणी पुढच्या महिन्यात बाळंतपणाला येणार, म्हणून दार रंगवलं होतं. उरलेला रंग आणि टर्पेंटाइन आता मोरीत ओतणार!

मी ओरडले, "अक्का, थांबा! ते विष समुद्रात जातं."

"समुद्र? सोलापुरात?" अक्का खदखदून हसल्या. "हितं नळाला पाणी न्हाई, आन् हिला समुद्र दिसतोय!"

मी चिडले. "हे गटार सीनेला मिळतं, सीना भीमेला, भीमा कृष्णेला..."

"आन् कृष्णा कुटं जाती?"

"आंध्रात. मछलीपट्टणजवळ समुद्राला मिळते."

अक्कांचं हसू थांबलं. श्रावणीला तिथंच दिलीय.

"रोज मासे खाती की गं ती," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टरनंच सांगितलंय." त्यांनी डबा मांडीत घेतला आणि झाकण दाबून बसवलं. "रंगाऱ्याला परत देते. तीन वर्षं झाली लग्नाला. काय काय पाठवलं गं मी लेकीला!"

मी त्यांच्याशेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू मोरीत ॲसिड ओतायला वाकल्या. अक्का अनवाणी धावल्या. "ओतू नको गं! माझी पोरगी हाय तितं!"

काकूंनी घाबरून बाटली बाजूला ठेवली आणि मोरीत डोकावून हाक मारली, "श्रावणी?"