सूनबाईनं फाटे कमी केले

त्या दिवशीच्या उन्हाचं तर विचारूच नका, आर्वीत घराघरातले कूलर गरम वारा फेकत होते. माझी सून घरी बसूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. मुलगा वारल्यापासून घर तिच्याच पगारावर चालतं. दुपारी ती कॉम्प्युटरकडे पाहून एकटीच हसली, म्हणून मी विचारलं, "काय झालं वं बाई?"

"मामाजी, हे एक फंक्शन होतं, म्हणजे कॉम्प्युटरले सांगून ठेवलेलं एक काम. असं असलं तर इकडं जा, नसलं तर तिकडं जा, असे लय फाटे होते त्यात. माह्याशिवाय कोणाले समजतच नव्हतं. सायबानं फाटे मोजाले लावले अन् कमी कराले सांगतलं."

"मंग?"

"मंग तोडून लहान लहान फंक्शनं केली. आता नव्या माणसानं एकदा वाचलं का त्याले समजते."

"शाबास!" मी म्हटलं.

संध्याकाळी साहेबाचा फोन आला. त्यानं तिचं भरपूर कौतुक केलं आणि मग सांगितलं, की आता हे काम कोणीही सांभाळेल, पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही. सून तशीच बसून राहिली. मी पाणी नेलं, तेही तिनं घेतलं नाही.

शेजारच्या गिरजाबाई ओट्यावर होत्या. धीराचं काही बोलतील, म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. पदरानं वारा घेत त्या म्हणाल्या, "भाऊजी, दुसऱ्याले समजीन इतकं सोपं काऊन करून देल्लं तिनं?"