दाणे काढा

लागलेलं लग्न मोडायचा पराक्रम मी केलाय, बरं का. भोरमधल्या माझ्या स्टुडिओत नवाच डिजिटल कॅमेरा आला होता आणि त्याच्यावरचं पहिलं लग्न हिर्डोशी गावातलं. मांडवात उजेड कमी, त्यामुळे सगळ्या फोटोंवर रव्यासारखे दाणे आलेले. नवरीचे वडील कोंडीबा फोटो बघायला आले आणि म्हणाले, "सलीमभाई, समदं झ्याक हाय. तेवढं दाणं काढा."

मीही नवशिका. कॉम्प्युटरवर पाचशे फोटो एकदम निवडले, दाणे घालवायची पट्टी शेवटपर्यंत ओढली आणि चहाला गेलो. परत येऊन बघतो तर चेहरे कसे लोण्यासारखे! खुशीत तसाच अल्बम छापला.

अल्बम चाळताना कोंडीबा एका पानावर थांबले ते थांबलेच.

"काय झालं, दादा?"

"अक्षदा कुठं हायत?"

मी वाकून बघितलं. मंगलाष्टका चाललेल्या, शंभर हात वर, आणि हवेत तांदळाचा एक दाणा नाही! कॉम्प्युटरनं दाणे समजून अक्षताही पुसून टाकल्या होत्या.

"म्हंजी लगीनच लागलं न्हाई की वो! व्याह्यांना काय दावू?"

नशीब, मूळ फोटो जपून ठेवले होते. ते उघडले आणि चाचरत म्हणालो, "यात अक्षता आहेत, दादा. पण ते दुसरे दाणेही आहेत."

कोंडीबा हसले. "ऱ्हाऊ द्या. आमी भात पिकवणारी माणसं. दाणं लई झालं म्हणून कुणी रडतंय व्हय?"